वन्संच्या तीन थाळ्या

सोमवार, ३

आणि वर चिठ्ठी चिकटवते, खालच्या मजल्यावरची ती! माझ्या दाराला! तोंड दिलंय ना बोलायला? "कृपया दुपारी दोन ते पाच खिळे ठोकू नयेत." खिळे! अगं बये, रोज दुपारी खिळे ठोकणारं घर पाहिलंयस का कधी? एव्हाना भिंतीची चाळण होऊन आम्ही शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात पडलो असतो.

तशीच चिठ्ठी उपटली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीच्या घरी गेले. तो दात घासत होता. तोंडातला फेस सांभाळत म्हणाला, "ताई, तोंडी नको. लेखी ठेवा. तारखेवार." त्याला वाटलं असणार, चौथी शिकलेली बाई, लिहायचं म्हटलं की गार पडेल. म्हणून ही वही. दुकानात मापं लिहायला आणली होती, पहिली चार पानं सोफ्यांचीच आहेत. अक्षर माझं कोंबडीच्या पायांसारखं, पण वाचणारी मीच.

तर लेखी असं, की खिळे नाहीत. ड्रम आहे. वाजवणारी आमच्या ह्यांची बहीण, म्हणजे माझी नणंद. वय चोपन्न. एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या, मग लवकर निवृत्ती घेतली. लग्न केलं नाही, आईजवळ राहिल्या. सासूबाई गेल्या, ती जागा सोडावी लागली, तेव्हा पिशवी घेऊन दारात उभ्या. "एक महिना राहते, वहिनी." त्याला आता चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत जे बोलल्या ते सगळं या वहीच्या एका पानात मावेल. "चहा ठेवू?" "पंखा मी बंद केला." "चालेल." मला माणूस बोलणारं लागतं. भांडलं तरी चालेल, पण बोलावं.

आणि मागच्या महिन्यात अचानक हे एवढं खोकं घरी आलं. इलेक्ट्रॉनिक ड्रम. लोखंडी नळ्या, रबराच्या चकत्या, प्लास्टिकच्या तीन थाळ्या. "आवाज नाही होणार, वहिनी. सगळा हेडफोनमध्ये येतो." खरंय. त्यांच्या कानात म्हणे अख्खा बॅंड वाजतो. बाहेर आम्हाला नुसतं टकाटक टकाटक, आणि थाळीवर मारलं की खट्ट! आमचे हे बस चालवतात. दिवसभर इंजिन ऐकून त्यांना घरातलं काहीच ऐकू येत नाही, मी काय बोलते ते तर मुळीच नाही.

तो ड्रम जोडला मीच. वन्संना पान्हा धरता येत नाही. मी बावीस वर्षं सोफे आणि खुर्च्या मढवतेय, मला काय त्याचं. थाळ्या नळीवर नुसत्या डुगडुगत होत्या, बोट लावलं की होडीसारख्या. वर-खाली जाड लोकरी कापडाच्या चकत्या घातलेल्या, त्यानेच त्या सैल. काढून टाकल्या चकत्या. आणि ते दोन कानांचे नट पान्ह्याने असे आवळले, की आता हलून दाखव म्हणावं. तिसरीचा नट अर्ध्यात अडकला, आटे गेलेत, ती तेवढी राहिली डुलत. वन्सं सोबत आलेलं पुस्तक हातात धरून बघत होत्या. ढिलं काम मला बघवत नाही.

बुधवार, ५

आज दुकानातून लवकर सुटले ती थेट खालच्या मजल्यावर. काय काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. दार उघडलं तिने. तिशीची असेल. एक डोळा उघडा, एक मिटलेला, केसांचं घरटं.

म्हटलं, "खिळे कुणाला म्हणतेस गं?"

ती म्हणाली, "काकू, आत या. झोपा."

"काय?"

"माझ्या पलंगावर. पाच मिनिटं. मग भांडू."

काकू म्हणाली. ताई म्हणायला काय झालं होतं?

नर्स आहे ती. रात्रपाळी. सकाळी येते, कामं उरकते, दुपारी झोपते. खिडकीला काळे पडदे लावलेत, भर दुपारी आत अंधार. आडवी झाले. गादीचा फोम बसलाय, मधे खड्डा, डोक्याकडची शिवण उसवलीय. कुणी शिवली कोण जाणे, हात मोडलेला असणार त्याचा.

वर वन्संचं चालू होतं. रबरी चकत्यांचं एवढं काही नाही, कुणीतरी मऊ चपला घालून फिरतंय असं वाटतं. पण थाळी! खट्ट. संपलं वाटतं, डोळा लागतो, तोवर खट्ट. छतातून निघून सरळ कपाळावर.

"कळलं?" ती म्हणाली.

"मला तर काही एवढं वाटलं नाही," म्हटलं आणि वर आले. वर आल्यावर कळलं, चपला तिच्याकडेच राहिल्या. परत गेले तर तिने दाराबाहेर जोडीने लावून ठेवल्या होत्या.

इथे लिहायला हरकत नाही. वाटलं. त्या पोरीच्या जागी मी असते तर चिठ्ठीवर थांबले नसते.

शुक्रवार, ७

जिंकले!

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत दुकानात बसून थाळ्यांना गवसण्या शिवल्या. अर्धा इंच फोम, वर मरून रेक्झिन, कडेने पायपिंग, खालून दोरी ओवून घट्ट. मालक येऊन बघून गेले. "ताटं मढवतेस? उद्या वाट्या आण." म्हटलं, "तुमचं तोंड आणते, त्यालाही थोडा फोम लागेल." हसले. बावीस वर्षांत एवढं बोलायचा हक्क मिळवलाय मी.

घरी आणून चढवल्या. सुरकुती नाही कुठे. वन्संना बसवलं, काठ्या दिल्या, हेडफोन घातला, म्हटलं मारा. मारलं. फुप्. बस. उशीवर थापटी मारल्यासारखं. मी टाळी वाजवली. वन्संनी पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. मग माझ्याकडे बघितलं.

"कानात येतंय ना नीट?"

"हो," म्हणाल्या. पायपिंगवरून बोट फिरवत होत्या. "किती छान शिवलंय, वहिनी."

बघा, चक्क पाच शब्द बोलल्या आज.

शनिवार, ८

जिन्यात नर्स भेटली. दोन्ही डोळे उघडे. "थॅंक यू, काकू."

मंगळवार, ११

शांतता आहे. वन्सं आता दहा मिनिटं वाजवतात आणि उठतात. मोठ्या माणसांची हौस अशीच, नव्याचे नऊ दिवस. मी आपलं सांगून बघितलं, "वाजवा की, आता कुणी चिठ्ठी लावत नाही." म्हणाल्या, "चालेल."

माळ्यावरचं ड्रमचं खोकं त्यांनी खाली काढलंय. त्यांच्या खोलीत दारामागे उभं आहे, शेजारी चिकटपट्टीचं नवं रीळ. रद्दीत द्यायचं असेल. रद्दीला चिकटपट्टी कशाला, पण टायपिस्ट बाई, सगळं नीटनेटकं लागतं.

शनिवार, १५

डोकं भणभणलंय. नीट क्रमाने लिहिते.

वन्सं पोस्टात गेल्या होत्या. मी त्यांची खोली झाडत होते. ड्रमवर धूळ नव्हती, पण मी तरी पुसला. स्टुलावर हेडफोन पडला होता. म्हटलं बघू तरी, ही बाई रोज काय ऐकते. घातला. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. रबरी चकतीवर काठी मारली.

आई गं! पोटात गडगडलं. दुसरीवर मारलं, वेगळाच आवाज. मी तर हसायलाच लागले, एकटीच. मग थाळीवर मारलं.

काही नाही.

जोरात मारलं. काही नाही. दुसरी थाळी, काही नाही. तिसरी, काही नाही. वायर बघितली, जागेवर. मग एकीची गवसणी काढली आणि मारलं, तर कानात असं लखलखलं, झांज नव्हे, त्याहून मोठं काहीतरी, आणि लांबत गेलं, लांबत गेलं. मी काठी धरून उभीच.

माझ्या फोमने थाळ्या मुक्या झाल्या होत्या. त्यांना मार कळतच नव्हता.

वन्सं दारात उभ्या होत्या. कधी आल्या कुणास ठाऊक.

"आठ दिवस?" मी म्हटलं. "आठ दिवस मुक्या थाळ्या वाजवल्यात?"

"मनात ऐकत होते."

"मला सांगायला जीभ झडली होती का?"

"तुम्ही जेवण सोडून शिवलं होतंत, वहिनी."

मी खोक्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "आणि ते काय आहे?" तर म्हणाल्या, नोकरीवाल्या बायकांच्या वसतिगृहात अर्ज केला होता, निवृत्त झालेल्यांनाही घेतात, एक खोली मिळतेय. अठ्ठावीस तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं. ड्रम परत खोक्यात घालून देऊन टाकायचा कुणाला तरी. "एक महिना म्हणून आले होते. तुम्हाला खाली-वर करायला लागतंय माझ्यापायी."

मी म्हटलं, "बरं."

मला काय. ती खोली रिकामी होईल. उजेड चांगला आहे तिथे, माझं शिवणयंत्र ठेवता येईल. मला किती दिवस हवी होती अशी जागा.

भाजी करपली. ह्यांनी खाल्ली गपचूप. वर म्हणाले, "जाते म्हणते तर तिचं तिला ठरवू दे." असं ओरडले मी, की ह्यांनासुद्धा ऐकू गेलं.

सोमवार, १७

गवसण्या उसवल्या. शिवायला दोन दिवस, उसवायला दोन तास, तरी उसवणंच जड गेलं. पातळ स्पंज लावून बघितला, तर थाळी अर्धी बोलते, अर्धी नाही. नुसतं रेक्झिन लावलं, तर खट्ट होतंच. वन्सं म्हणतात, "राहू द्या हो." राहू द्या कसं? त्या वसतिगृहात जावोत नाहीतर चंद्रावर. पण माझ्या हातून आलेलं काम असं बाद झालेलं मला चालत नाही. त्याचा आणि त्यांच्या जाण्याचा काही संबंध नाही.

आजपासून परत खट्ट. नर्सला तोंड दाखवायचं टाळतेय. लिफ्टने जाते.

गुरुवार, २०

नर्सच वर आली. आज तिची सुट्टी. मला वाटलं भांडायला आली. मी कंबर कसूनच दार उघडलं, तर गळ्यात ती डॉक्टरची नळी.

"काकू, तुम्ही आठ दिवस झोपू दिलंत मला. काहीतरी केलं होतंत. ते परत करा."

म्हटलं, "ते केलं तर त्या वाजवू शकत नाहीत."

"मग दुसरं शोधू." सरळ आत. वन्संना म्हणाली, "काकू, तुम्ही वाजवा." मग मी कोण? दोन काकू झाल्या घरात. मी म्हटलं, "मला ताई म्हण."

ती फरशीवर पालथी झोपली आणि नळी लावून जमीन ऐकायला लागली. मग लोखंडी नळ्यांना लावली. पेशंट तपासावा तसं, मधेच "श्वास धरा" म्हणेल असं वाटत होतं. वन्सं एकेक थाळी मारत होत्या.

"हिचा आवाज थेट खाली जातोय. हिचाही. आणि ही," तिसरीला नळी लावून ती बराच वेळ ऐकत राहिली, "ही गप्प आहे. वर थोडी टकटक, खाली काहीच नाही. हिला काय केलंय?"

"हिला काहीच नाही," मी म्हटलं. "हिचा नट आवळेना."

तिघी त्या थाळीकडे बघत होतो. वन्संनी मारलं होतं, ती अजून डुलत होती. मार स्वतःत जिरवत होती. बाकीच्या दोन माझ्या पान्ह्याने नळीला जखडलेल्या. त्यांना हलायला जागा नाही, म्हणून सगळा मार नळीत, नळीतून जमिनीत, जमिनीतून त्या पोरीच्या कपाळात.

मी वन्संकडे बघितलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"पुस्तकात लिहिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सैल ठेवा म्हणून."

"मग बोललात का नाही!"

"तुम्ही इतक्या मनापासून आवळत होतात."

नर्स एवढी हसली की तिच्या कानातल्या नळ्या पडल्या. मग वन्संही हसल्या. आवाज करून हसल्या. मी तो पहिल्यांदा ऐकला, जरासा टायपिंग केल्यासारखाच आहे, तुटक-तुटक.

चहाला नर्स थांबली. तिने विचारलं, "तुम्हाला ड्रम कसा सुचला?" वन्संनी सांगितलं. त्यांच्या टायपिंगच्या खोलीत अकरा जणी, अकरा यंत्रं. दिवसभर एवढा खडखडाट की कानात बोळे घालून बसायच्या. मग कॉम्प्युटर आले, खोली बंद केली, टेबलं वेगवेगळीकडे गेली. "घरी आई फार बोलायची. ती गेली. मग एकदम फारच शांत झालं." हे मी चौदा महिन्यांत कधी विचारलं नव्हतं. विचारायला वेळ कुठे होता म्हणा.

शुक्रवार, २१

नट सैल केले. लोकरी चकत्या माझ्या बटणांच्या डब्यात सापडल्या, टाकलं नव्हतं मी काही, टाकत नाही. एक वर, एक खाली, मधे थाळी. नट नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. हात शिवशिवत होता आवळायला. पान्हा ह्यांना देऊन ठेवला.

शिवाय सगळ्या ड्रमखाली प्लायवूडची फळी, फळीखाली दाबलेल्या फोमच्या वड्या, त्या सोफ्याच्या बैठकीत घालतो त्या. वन्संच्या वजनासकट किती दबेल ते हिशेबाने धरलं. वन्संना वजन विचारलं तर लाजल्या.

राहिली वरची टकटक. काठ्यांच्या टोकांना मऊ चामड्याच्या टोप्या शिवल्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या. थाळीला हात नाही लावला. कानात पूर्ण येतं, मी स्वतः हेडफोन घालून बघितलं. चार वेळा बघितलं. पाचव्यांदा वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आता मी?"

खोकं अजून दारामागे आहे.

रविवार, २३

परीक्षा. दुपारी दोनला मी नर्सच्या पलंगावर. वन्संना बजावून आले होते, हात राखायचा नाही, तीनही थाळ्या झोडायच्या. काळे पडदे ओढले. त्याच खड्ड्यात पडले. कान टवकारले.

थोडंसं काहीतरी होतं. लांबच्या घरी कुणी कपडे झटकतंय, तेवढं. पुढच्या खट्टची वाट बघत होते.

डोळे उघडले तर अंगावर चादर, घड्याळात साडेतीन. बाहेर नर्स पुस्तक वाचत बसलेली.

"वन्संनी वाजवलंच नाही की काय?" मी विचारलं.

"आत्ता थांबल्या. दीड तास. मी सगळं ऐकलं, म्हणजे कान देऊन ऐकलं तेव्हा." मग म्हणाली, "तुम्ही घोरता, ताई. ते मात्र वरपर्यंत जातं."

तिच्या गादीचं माप घेऊन आले. पुढच्या आठवड्यात फोम बदलते.

वर येऊन वन्संना सांगितलं, मी झोपले म्हणून. त्यांनी माझ्या गालावर उशीचा वळ बघितला, काठ्या खाली ठेवल्या आणि नाक पुसलं. धुळीने असेल.

मंगळवार, २५

वन्सं, हे तुमच्यासाठी आहे. ही वही तुमच्या गोल स्टुलावर उघडी ठेवून मी दुकानात जातेय. तोंडाने सांगितलं असतं, पण मी तोंड उघडलं की ते भांडण होतं आणि तुम्ही "चालेल" म्हणता. मागची पानं वाचायची नाहीत. वाचलीत तर वाचलीत.

पहिलं म्हणजे, मी त्या वसतिगृहात फोन केला होता. वॉर्डन म्हणाली, वाद्य चालणार नाही, हेडफोनचंसुद्धा नाही. हे तुम्हाला माहीत असणार. तुम्ही पुस्तकं वाचता.

शिवणयंत्राचं पंधरा तारखेला जे लिहिलंय ते मी खोडलंय. ते यंत्र दुकानातच बरं आहे.

दारामागचं खोकं आता रिकामं नाही. त्यात मी फोमचे तुकडे भरलेत, गच्च, आणि तुमचीच चिकटपट्टी लावलीय. ड्रम घालायला दुसरं खोकं आणावं लागेल, आणि एवढं मोठं या भागात मिळत नाही. मी चौकशी केलीय.

खालच्या पोरीने विचारलंय, तिलाही एकदा वाजवून बघायचंय, रविवारी. मी हो सांगून टाकलं. तुम्ही इथे नसाल तर मी तिला काय शिकवणार? मला नुसतं गडगड करता येतं.

एक महिना म्हणालात, तो तुमचा हिशेब. मी कधी मोजत बसले नव्हते. बरं, बसले होते, पण चिडून. त्यात काय.

शुक्रवारी अठ्ठावीस. मी नऊला बाहेर पडते. त्याच्या आधी मला उत्तर पाहिजे, राहणार की जाणार. चिठ्ठी चालणार नाही. "चालेल" चालणार नाही. हेडफोन काढून, स्वयंपाकघरात येऊन, माझ्यासमोर उभं राहून, मोठ्याने.